हेतूची हद्द : ‘गांजा कशासाठी?’ या प्रश्नाच्या उत्तरांविषयी

गांजा ओढणाऱ्याला ‘का ओढतोस?’ असे विचारले, तर उत्तर मिळतेच. कोणी झोपेचे नाव घेतो, कोणी भोलेनाथाचे, कोणी पाठदुखीचे, कोणी मित्रांचे. ऐकणारे या उत्तराचे दोनपैकी एक काहीतरी करतात. घरचे आणि पोलीस बहाणा म्हणून ते मोडीत काढतात. गांजाचे समर्थक ते जसेच्या तसे खरे मानून आपल्या मागणीला जोडतात. उत्तराची तपासणी दोघेही करत नाहीत.

ती करायची, तर उत्तराबद्दल तीन गोष्टी विचाराव्या लागतात. ते कोणापुढे दिले गेले? सेवनाच्या कोणत्या टप्प्यावर दिले गेले? आणि त्या उत्तरातच थांबण्याची जागा आहे की नाही? पहिल्या दोन गोष्टींवर समाजशास्त्रज्ञांनी बरेच लिहिले आहे. तिसरीकडे फारसे लक्ष गेलेले नाही, आणि माझ्या मते माणसाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज तिच्यावरूनच सर्वांत चांगला बांधता येतो.

आधी विषयाची कक्षा. एकाच वनस्पतीची पाने वाटून भांग होते, मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून गांजा आणि राळेपासून चरस. अमली पदार्थांविषयीच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरस बंदीखाली आणले. फुलोरा नसलेली पाने आणि बिया व्याख्येबाहेर राहिल्या, त्यामुळे भांग राज्यांच्या कायद्यांवर सोडली गेली. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेली पाहणी २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे २.८ टक्के, म्हणजे ३.१ कोटी लोकांनी आधीच्या वर्षभरात यांपैकी काहीतरी घेतले होते. भांग घेणारे सुमारे २ टक्के होते, गांजा किंवा चरस घेणारे सुमारे १.२ टक्के. भांग घेणारे संख्येने जास्त, पण अवलंबित्वाचे प्रमाण गांजा-चरस घेणाऱ्यांत जास्त. या विसंगतीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

उत्तर कोणापुढे?

समजा, एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चोवीस वर्षांचा मुलगा आईबरोबर आला आहे. डॉक्टर विचारतात, ‘‘काय रे, कशासाठी घेतोस?’’ तो खाली मान घालून म्हणतो, ‘‘मित्रांनी सवय लावली.’’ आई लगेच पुस्ती जोडते, ‘‘पोरगा चांगला आहे हो डॉक्टर, संगत वाईट.’’ डॉक्टर म्हणतात, ‘‘मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?’’ दार लागल्यावर मुलगा सांगू लागतो, की रात्री दोन दम मारल्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही, डोक्यातले चक्र थांबत नाही. हाच मुलगा संध्याकाळी कट्ट्यावर सांगेल, की काल माल एक नंबर होता आणि गाणी वेगळीच ऐकू येत होती.

तिन्हींपैकी एकही उत्तर खोटे असायला हवे असे नाही. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४०च्या एका निबंधात याची मांडणी केली. हेतू माणसाच्या आत आधीपासून तयार बसलेला असतो आणि विचारल्यावर बाहेर येतो, असे आपण धरून चालतो. मिल्सच्या मते वागणुकीला कोणी हरकत घेतली किंवा तसा संभव दिसला, की हेतू शब्दांत येतो, आणि त्यासाठी प्रत्येक समाजाकडे चालणाऱ्या हेतूंचा साठा असतो. आईला संगतीचे कारण चालते, कारण त्यात मुलगा निर्दोष ठरतो. डॉक्टरांना लक्षण चालते. कट्ट्यावर मौजेखेरीज दुसरे काहीच चालत नाही. तिथे ‘मला रडू येतं म्हणून ओढतो’ असे म्हणणाऱ्याची जागा राहत नाही.

समाजाने मान्य केलेले कारण किती काम करते, हे मिश्रीवरून दिसेल. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत बाया तंबाखूची मिश्री लावतात आणि कारण सांगतात दात घासण्याचे. दिवसातून पाच-पाच वेळा दात घासण्याची गरज कोणाला असते, हे घरात कोणी विचारत नाही. त्याच बाईने विडी ओढली, तर घर डोक्यावर घेतले जाईल. गांजाच्या बाबतीत बाईजवळ असे एकही तयार कारण नाही, म्हणून ओढणारी बाई पाहणी करणाऱ्यालाही बहुधा सांगत नाही. बायकांचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

विचारणारा सरकार असेल तेव्हा

गांजाच्या कारणांचा जगातला बहुधा सर्वांत मोठा जुना संग्रह आपल्याच देशात तयार झाला. मार्च १८९३मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात हिंदुस्थानातल्या गांजाबद्दल प्रश्न निघाला, आणि त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, त्यांच्यासह सात सदस्य, त्यांत तीन हिंदी. १,१९३ साक्षी झाल्या. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, शेतकरी, व्यापारी, वैद्य असे सगळे त्यांत होते. अहवालाचे सात खंड झाले.

त्या खंडांतली कारणे वाचताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. श्रमाचे कारण जागोजाग भेटते. नावाडी, कोळी, भोई, ओझी वाहणारे मजूर हे थंडी-वाऱ्यासाठी आणि थकवा मारण्यासाठी गांजा ओढतात. पैलवान भांग घेतात. बैरागी आणि फकीर उपासनेत चित्त लागावे म्हणून घेतात. हगवण, दमा यांवर घरगुती औषध म्हणून भांग दिली जाते. ‘मन रमत नाही’, ‘एकटे वाटते’, ‘टेन्शन आहे’ या जातीची कारणे मात्र त्यात शोधावी लागतात. तेव्हाच्या माणसांना मनाचे त्रास नव्हते असा याचा अर्थ लावणे चुकीचे होईल. मनाचा त्रास हे नशेचे सांगण्याजोगे कारण तेव्हा ठरलेले नव्हते, आणि साक्षीदारांपैकी पुष्कळ जण स्वतः न ओढणारे, ओढणाऱ्यांबद्दल बोलणारे होते. मुंबईचे कलेक्टर आणि बॉम्बे गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी भांगेच्या धार्मिक स्थानावर कमिशनला स्वतंत्र टिपण दिले. ते अभ्यासू आहे, सहानुभूतीने लिहिलेले आहे. तरीही चिलीम हातात असलेल्या माणसाचे कारण तिथे एक गोरा अधिकारी सांगतो आहे. शिवाय सरकारला गांजावर अबकारी मिळत होती. बंदी नको, परवाने आणि कर असावेत, या कमिशनच्या निष्कर्षाला धार्मिक आणि श्रमाची कारणे सोयीची होती. निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. मला तर तो त्या काळच्या मानाने विलक्षण समतोल वाटतो. पण कारणे कोणत्या चाळणीतून आली, हे पाहिलेच पाहिजे.

याच कमिशनने केलेले एक काम मात्र आजच्या प्रत्येक मानसोपचार विभागात शिकवले जावे अशा योग्यतेचे आहे. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे. बाजारात भटकणारा, बडबडणारा माणूस पोलीस पकडून आणत. त्याच्याबरोबरच्या कागदावर ‘गांजा ओढतो’ असे असे, कधी कोणाच्या सांगण्यावरून, कधी त्याच्या झोळीत चिलीम सापडली म्हणून. नातेवाईक नाहीत, पूर्वेतिहास नाही. रकान्यात ‘गांजा’ चढे. वर्षाच्या शेवटी या रकान्यांची बेरीज होई, आणि गांजाने इतके लोक वेडे झाले असा सरकारी आकडा तयार होई. कमिशनने १८९२ सालातल्या अशा २२२ दाखल्यांची एकेक करून चौकशी केली. छाननीनंतर गांजाशी काही संबंध लावता येण्याजोगे ९८ उरले, आणि त्यांतही केवळ गांजाकडे बोट दाखवता येईल असे ६१. बाकीच्यांच्या बाबतीत कारण माणसाचे नव्हते, कागदाचे होते.

म्हणजे कारण सांगणारा आणि ज्याच्याबद्दल ते सांगितले जाते तो, हे दोघे वेगळे असू शकतात. आजही घरात मुलगा भ्रमिष्टासारखा वागू लागला, की ‘गांजामुळे झालं’ हे वाक्य पहिल्या तासात तयार होते. ते खरेही असेल. लहान वयात, रोज, जास्त टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेला माल ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका वाढतो, हे आता चांगले प्रस्थापित आहे. पण आजार आतून सुरू झाला होता आणि त्याच्या घालमेलीवर उतारा म्हणून मुलगा गांजाकडे वळला, असेही घडते. रकान्यात एकच शब्द लिहिण्याची घाई दोन्ही शक्यता गिळून टाकते.

कायदा कारणे शिकवतो

कायदा कारणे ऐकतो, तशी ती शिकवतोही. १९८५च्या मूळ कायद्यात थोडा माल सापडला, तर तो स्वतःच्या सेवनासाठी होता हे सिद्ध करणाऱ्याला सौम्य शिक्षेची सोय होती. त्यामुळे ‘स्वतःसाठी’ हे कोर्टात मांडायचे कारण झाले. २००१च्या दुरुस्तीने शिक्षा मालाच्या वजनावर बांधली. गांजा एक किलोपर्यंत अल्प मात्रा, वीस किलोच्या पुढे व्यापारी मात्रा. तेव्हापासून तराजू हेतूच्या आधी बोलू लागला. याच कायद्याच्या ६४ अ कलमात, जो व्यसनी स्वतःहून मान्य संस्थेत उपचार घ्यायला जातो, त्याला सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या खटल्यातून सूट आहे. साहजिकच वकिलाच्या खुर्चीसमोर ‘मौजेसाठी घेतला’ असे कोणी म्हणत नाही. ‘मी व्यसनी आहे’ हे विधान तिथे कबुलीही असते आणि ढालही.

अमेरिकेत हेच वेगळ्या दिशेने घडले. कॅलिफोर्नियाने १९९६मध्ये जनमताने वैद्यकीय वापर मान्य केला. त्या कायद्यात कर्करोग, एड्स, जुनाट वेदना, काचबिंदू, संधिवात, अर्धशिशी अशी यादी देऊन शेवटी ‘गांजाने आराम पडेल असा इतर कोणताही आजार’ असे शेपूट जोडले होते. त्या यादीतून आणि शेपटातून पाठदुखी आणि निद्रानाश यांचे दार उघडले. खरोखर पाठ दुखणारा आणि पाठदुखीचे नाव घेणारा एकाच रांगेत उभे राहिले, आणि दोघांची भाषा एक झाली. जमैकाने २०१५च्या दुरुस्तीत रास्ताफारी पंथीयांना धर्मकृत्य म्हणून गांजा वापरण्याची मुभा दिली. तिथे दशकानुदशके पोलिसांचा मार खात सांगितलेले कारण पहिल्यांदा कायद्याच्या पुस्तकात आले. हे कारण मला अमेरिकेतल्या ‘इतर कोणत्याही आजारा’पेक्षा अधिक सचोटीचे वाटते. ते सांगून काही मिळणार नव्हते, उलट तुरुंगच मिळणार होता, तेव्हाही लोक तेच सांगत होते.

आधी कृती, मग कारण

आता काळाचा प्रश्न. हॉवर्ड बेकर हा समाजशास्त्रज्ञ स्वतः जॅझ पियानो वाजवणारा होता. त्याने पन्नास गांजा ओढणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन १९५३मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष प्रचलित समजुतीच्या उलट होता. विशिष्ट स्वभावामुळे किंवा गरजेमुळे माणूस गांजाकडे वळतो हे त्याला पटले नाही. पहिल्यांदा ओढणाऱ्याला बहुधा काहीच होत नाही. धूर छातीत कसा धरायचा, हे कोणीतरी शिकवावे लागते. मग घशाची कोरड, काळ लांबल्याचा भास, हसू या खुणा गांजाच्या आहेत, हे ओळखायला शिकावे लागते. आणि शेवटी हे सारे सुखाचे आहे, असे मानायला शिकावे लागते. एवढे झाल्यावर ‘मला आवडतं म्हणून’ हे कारण जन्माला येते. हेतूने कृती घडली असे न होता कृतीने हेतू घडवला.

म्हणूनच ‘सुरुवात का केलीस?’ आणि ‘आता का घेतोस?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बहुतेकांचे सारखेच आणि फिके असते: कोणीतरी पुढे केले, मी घेतले. दुसऱ्याचे उत्तर वर्षागणिक बदलते, आणि त्या बदलात खरी माहिती असते.

मानसशास्त्रज्ञांनी या दुसऱ्या प्रश्नासाठी प्रश्नावल्या बनवल्या. १९९८मध्ये सायमन्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पंचवीस विधानांची मोजणी तयार केली. तिच्यात हेतूंचे पाच गट पडतात: मौज वाढवणे, चारचौघांत मिसळणे, गटाचा दबाव, जाणिवेचा विस्तार आणि त्रासावर उतारा. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ‘उतारा’ हा हेतू सांगणाऱ्यांना, तितकाच गांजा घेऊनही, अभ्यास, काम, नाती यांत जास्त अडचणी येतात. मोजणी उपयोगी आहे, पण ती कॉलेजातल्या अमेरिकन मुलांवरून बेतलेली आहे. दिवसभर पोती वाहून अंग मोकळे करायला ओढणारा हमाल तिच्यात कुठे बसवायचा? महाशिवरात्रीला प्रसाद म्हणून पेला घेणारी व्यक्ती गटाच्या दबावात घालायची की जाणिवेच्या विस्तारात? आपल्याकडे ही मोजणी भाषांतर करून वापरताना हे दोन मोठे हेतू गळून पडतात.

थांबण्याची जागा

‘उतारा’ हाच हेतू घातक का ठरावा? त्रासात असलेला माणूस मुळात कमकुवत असतो, असे उत्तर दिले जाते. मला दुसरे उत्तर अधिक पटते. हेतूंमध्ये एक भेद असा करता येतो, की काही हेतू आपली हद्द बरोबर घेऊन येतात आणि काहींना हद्दच नसते.

साधूंच्या धुनीभोवतीची चिलीम पाहा. छापी, म्हणजे फडके, पाण्यात भिजवून, पिळून चिलमीच्या बुडाला गुंडाळली जाते. पहिला दम वडीलधाऱ्याचा, आधी चिलीम कपाळाला लावून शंकराचे नाव, मग ती उजव्या हाताने पुढच्याकडे. ‘का?’ असा प्रश्न या वर्तुळात उद्‌भवत नाही, कारण मांडणीच उत्तर देते. आणि ही मांडणी मर्यादाही घालते: जागा ठरलेली, माणसे ठरलेली, क्रम ठरलेला. गृहस्थाच्या बाबतीत दिवसही ठरलेला. महाशिवरात्रीला ठंडाईत भांग घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो, कारण त्याचे कारण रात्रीबरोबर संपलेले असते. पाहणीतली ती विसंगती, म्हणजे भांग घेणारे जास्त आणि अवलंबित्व कमी, अंशतः यामुळे असावी. अंशतः अर्थातच रसायनामुळेही आहे. पानांत टीएचसी कमी, आणि पोटातून ते सावकाश चढते.

शंकराचे नाव हॉस्टेलच्या गच्चीवरही घेतले जाते. तिथे नाव उरलेले असते, पण दिवस, वडीलधारा आणि क्रम गळालेले असतात. साठच्या दशकाअखेर हणजुण्याच्या किनाऱ्यावर आलेल्या हिप्पींनी चिलीम साधूंकडून उचलली, तेव्हाही हेच झाले. कारण उचलले गेले, कारणाची हद्द मागे राहिली.

वैद्यकीय कारणाचेही असेच आहे. केमोथेरपीनंतरच्या उलट्या, मल्टिपल स्क्लेरोसिसमधली स्नायूंची आखड, मोठ्या माणसांतली जुनाट वेदना यांवर गांजातल्या घटकांचा उपयोग होतो, याला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१७च्या अहवालाने चांगला पुरावा असल्याचे म्हटले. लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी गांजातल्या कॅनाबिडिऑल या घटकाचे औषध तिथे २०१८मध्ये मंजूर झाले. या उपयोगांत मात्रा मोजलेली असते, परिणाम तपासला जातो, आणि उपयोग झाला नाही तर औषध बंद होते. हद्द चिठ्ठीवर लिहिलेली असते.

आता झोपेचे कारण घ्या. सुरुवातीला खरोखर गाढ झोप लागते, हा अनुभव खोटा नाही. काही आठवड्यांत शरीर सरावते, मात्रा वाढते. मग एखाद्या रात्री पुडी मिळत नाही. तळमळ, चिडचिड, भूक मेलेली, पहाटे डोळा लागलाच तर विचित्र, ठळक स्वप्ने. हा गांजा सुटल्याचा परिणाम आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदान-पुस्तिकेत तो स्वतंत्र निदान म्हणून नोंदलेला आहे. तो एक-दोन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतो, दोनेक आठवड्यांत बराच ओसरतो. झोपेची कुरकुर त्याहून लांबते. पण तळमळणाऱ्या माणसाला तो असा दिसत नाही. त्याला दिसते एवढेच, की ‘गांजा नाही, तर झोप नाही’, म्हणजे आपले कारण खरेच होते. प्रत्येक खंड त्याच्या कारणाला नवा पुरावा देऊन जातो. या कारणाला हद्द असणार तरी कुठून? ज्याच्यावर उतारा घ्यायचा, तेच उतारा निर्माण करतो आहे. ‘डोकं शांत होतं’, ‘टेन्शन जातं’ ही कारणे याच घडणीची आहेत. माणूस खोटे बोलत नसतो, आणि म्हणूनच वाद घालून त्याला हरवता येत नाही.

या भेदाच्या प्रकाशात आणखी एका प्रकारची उत्तरे वेगळी काढावी लागतात. ‘दारूपेक्षा बरं’, ‘झाडपालाच आहे’, ‘मी कोणाला त्रास देत नाही’. ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड माट्झा यांनी १९५७मध्ये दोष निष्प्रभ करणाऱ्या युक्तिवादांचे जे वर्गीकरण केले, त्यात ही चपखल बसतात. ज्या घरात बाप पिऊन येऊन भांडी फेकायचा, त्या घरातला मुलगा ‘मी आरडाओरडा तरी करत नाही’ म्हणतो, तेव्हा तो पाहिलेले सत्यच सांगत असतो. त्याला ‘उलट बोलू नकोस’ म्हणून गप्प करणे अन्यायाचे आहे. पण हे वाक्य ‘दारूच्या मानाने किती वाईट?’ याचे उत्तर आहे. ‘कशासाठी घेतोस?’ हा प्रश्न तसाच उभा राहतो, आणि तो पुन्हा, शांतपणे विचारावा लागतो.

न घेण्यालाही चारचौघांत चालेल असे कारण लागते, आणि ‘मला नको’ हे पुरत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी दोन भक्कम कारणे परंपरेने दिली आहेत. एक माळ: गळ्यात तुळशीची माळ असलेल्याला कोणी आग्रह करत नाही, आणि नकाराने कोणाचा अपमानही होत नाही. दुसरे श्रावण. श्रावण पाळणारा महिनाभर दारू-मटणाबरोबर बाकीच्या गोष्टीही दूर ठेवतो, आणि महिना संपला की मोकळा होतो. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्यांनी या महिन्याकडे निदानाचे साधन म्हणून पाहावे असे मला वाटते. मौज आणि मित्र ही कारणे सांगणारे श्रावण बहुधा सहज पार पाडतात. जो दुसऱ्या-तिसऱ्या रात्री उठून बसतो, आणि चौथ्या दिवशी ‘यंदा पाळत नाही’ म्हणतो, त्याला त्याच आठवड्यात विचारावे, की या चार रात्री नेमक्या कशा गेल्या, आणि पहिल्यांदा झोप उडाली तेव्हा गांजा सुरू होऊन किती दिवस झाले होते.